गाव सोडण्यापूर्वी

परीक्षा संपल्या की आपल्यापैकी बरेचजण नोकरीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरतील. जाण्यापूर्वी त्यांनी आपले नाशिक एकदा पाहून घ्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. "इथेच तर वाढलो, आता पाहायचे काय राहिले?" असे कोणी म्हणेल. पण पाहुण्यांना रामकुंडावर नेऊन आणणे म्हणजे गाव पाहणे नव्हे.

सातवाहनांवर आपण परीक्षेत पानेच्या पाने लिहितो. शहरापासून ८ किलोमीटरवर, पांडवलेण्यांतील ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम दगडात कोरवून ठेवला आहे. पाठ्यपुस्तकात परका वाटणारा तो लेख भिंतीसमोर उभे राहिल्यावर एका आईचा वाटू लागतो.

काळाराम मंदिरात आपण हात जोडतो आणि परततो. याच मंदिराच्या दारांपुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला, पण दार उघडले नाही. दर्शन घेणाऱ्याने आधी ते दार पाहावे.

परगावी लोक आपल्याला 'नाशिककर' म्हणतील. तेव्हा द्राक्षे आणि कुंभमेळा यांपलीकडे काही सांगता न येणारा पदवीधर आणि एका दिवसाचा यात्रेकरू यांत फरक काय? गावाचा अभिमान बाळगणे सोपे आहे. त्याचा मोठेपणा आणि त्याची लाज, दोन्ही ठाऊक असणे हे कलाशाखेच्या विद्यार्थ्याचे काम आहे. त्यासाठी दोन रविवार आणि बसचे भाडे एवढेच लागते. तेवढे खर्चल्याशिवाय कोणी गाव सोडू नये.