घोटभर पाण्याची घाई



गेल्या पौर्णिमेला आमच्या वस्तीतील विहारात वंदना आटोपली, चपला शोधण्याची गडबड चालू होती, आणि आमच्या शेजारचे काका भिंतीला टेकले ते तसेच खाली घसरले. गिरणीत हयात घालवलेला माणूस. तोंड डावीकडे ओढले गेले, उजवा हात उचलेना, बोलणे तोंडातल्या तोंडात. चारी बाजूंनी एकच ओरडा झाला, “पाणी आणा, पाणी पाजा!” आणि तांब्या घेऊन सर्वांच्या आधी धावलो ते आम्हीच. समाजकार्यात वीस वर्षे काढल्याचा जो काही ताठा आम्हास होता, तो त्या तांब्याने उतरवला. मान मागे करून आम्ही पाणी ओतले. थोडे ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर आले आणि उरलेल्याने काकांना असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी ताप चढला. छातीत न्यूमोनिया निघाला. तो आमच्या घोटाने झाला की नंतर लाळ उतरून, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. पण “पाणी कोणी पाजलं?” हा त्यांचा प्रश्न आमच्या कानांतून अजून गेलेला नाही. म्हणून हा विषय.

गिळणे आपणांस फार सोपे वाटते, कारण ते आपोआप होते. वास्तविक घशात एक चौक आहे. तेथून एक वाट पोटाकडे जाते, दुसरी फुप्फुसाकडे. जीभ घोट मागे ढकलते, नाकाकडचा मार्ग बंद होतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनळीच्या तोंडावर झाकण येते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे दार उघडते. घशातले हे सारे काम साधारण एका सेकंदात उरकते. अर्धांगाच्या झटक्यात मेंदूचा जो भाग हे दार लावतो तो मंदावला, तर दार लागण्यापूर्वीच घोट चौकात पोहोचतो. झटक्यानंतर सुमारे निम्म्या रुग्णांना पहिल्या काही दिवसांत अशी अडचण येते. पुष्कळांची ती काही आठवड्यांत ओसरते.

आता आपल्या सर्वांच्या समजुतीला धक्का देणारी गोष्ट. अशा रुग्णाला गिळायला सर्वांत कठीण काय? भाकरी कठीण हे कोणीही सांगेल. पण पाणी त्याहून दगाबाज. पातळ पदार्थ सर्वांत वेगाने धावतो, त्याला धरून ठेवणे जिभेला जमत नाही. आम्ही मात्र आजवर आजाऱ्याला “काही नाही तर निदान पाणी तरी द्या” असेच सांगत आलो. चहा आणि ताक यांचीही गत पाण्यासारखीच. दूध किंचित दाट असते, पण भरवसा ठेवण्याइतके नव्हे. कढत चहाचे आणखी एक. बधिर झालेल्या गालाला चटका कळत नाही.

त्याहून फसवे ते अर्धे पातळ, अर्धे घट्ट. चहात बुडवलेला पाव, पाणीदार वरणातला भात, शिते तरंगणारी पेज. घट्ट भाग तोंडात घोळत असताना पातळ भाग पुढे निसटतो. आईसक्रीम दिसते घट्ट, तोंडात गेले की पाणी. आंबट चवीने आणि सोड्याच्या बुडबुड्यांनी काही रुग्णांचे गिळणे लवकर सुरू होते असे तपासण्यांत दिसले आहे, पण तो प्रयोग तज्ज्ञांनी करावा, लिंबू पिळून घरी करू नये. दारूविषयी या पानावर वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरीही पंचशीलातील पाचवे शील पाळण्याला घशाकडूनही एक कारण आहे. नशेत ठसका लागण्याची जाग मंदावते आणि ओकारी श्वासनळीत उतरते.

पाणी कसे पितो, यालाही तितकेच महत्त्व आहे. तांब्या उंच धरून, मान मागे टाकून, ओठ न लावता पिण्याची रीत आपल्याकडे सभ्यपणाची समजली जाते. मान मागे गेली की श्वासनळीची वाट मोकळी होते आणि घोटाचा वेग वाढतो. धडधाकट माणसाला ते निभते, आजाऱ्याला नाही. ही रीत आली कोठून याचाही विचार व्हावा. ती उष्ट्याच्या आणि विटाळाच्या कल्पनेतून आली. आपल्या आजा-पणज्यांना तर वरून ओतलेले पाणी ओंजळीत झेलूनच प्यावे लागे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते कोणी वरून ओतलेले नव्हते. मग आज आपल्याच आजारी बापाच्या तोंडात आपण उंचावरून पाणी का ओतावे? टोटीच्या फीडिंग कपातही हाच दोष आहे, मान मागे न्यावी लागते.

काकांचा ताप उतरल्यावर स्पीच थेरपिस्ट बाई आल्या. बोलणे शिकवणाऱ्या बाई गिळण्याचे काय पाहणार, अशी आमची शंका. पण गिळण्याची तपासणी हेही त्यांच्याच विद्येत येते. त्यांनी पाणी बंद करून दाट पेय सुरू केले. काकू कळवळल्या, “अहो बाई, तहानलेल्या माणसाला घोटभर पाणी नाही म्हणजे काय?” बाई म्हणाल्या, “कायमचं नाही म्हणत मी, काकू. आज नाही.”

दाट म्हणजे किती, हा आमच्यातल्या कारकुनाचा प्रश्न. त्याचे मापच निघाले आहे. २०१५ साली पेयांना ० ते ४ अशा आंतरराष्ट्रीय पायऱ्या ठरल्या. साधे पाणी ०, अजिबात न वाहणारे ४. दहा मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्यावी, तिची ० ते १० ची पट्टी ६१.५ मिलिमीटर असावी. तोटी बोटाने दाबून दहापर्यंत पेय भरावे, बोट काढावे, दहा सेकंदांनी पुन्हा दाबावे. एकाहून कमी उरले तर ० पायरी, एक ते चार उरले तर पहिली, चार ते आठ उरले तर दुसरी, आठाच्या वर उरले तर तिसरी. काकांना दुसरी सांगितली होती. काकूंची नाचणीची आंबील भरताना दुसऱ्या पायरीची असे, निवली की तिसरीवर जाई. उलट पिठाने दाट केलेले पेय तोंडातल्या लाळेने पातळ होते, उष्टा चमचा वाटीत बुडवला तरी होते.

फार दाट तेही बरे नव्हे. दुबळ्या घशात ते चिकटून राहते आणि मागाहून श्वासात जाते. शिवाय दाट पिणारा माणूस कमी पितो, लघवी पिवळीजर्द होते, अंगातले पाणी आटते. काकूंनी कॅलेंडरच्या मागे वाट्यांचा हिशेब मांडला. आम्ही तो रोज तपासत असू.

वाचकांना हे ठाऊक असावे की महावग्गातील भेसज्जक्खंधकात, म्हणजे औषधांच्या प्रकरणात, तथागतांनी यागूचे दहा गुण सांगितले आहेत आणि त्यांत तहान शमवणे हाही एक आहे. यागू म्हणजे आपली पेजच. गरिबाचे पेय म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. रुग्णासाठी मात्र ती गाळून, एकजीव करून, तज्ज्ञांनी सांगितलेल्या पायरीचीच द्यावी.

ठसका लागला नाही म्हणजे सारे ठीक, असेही समजू नये. कित्येकांच्या फुप्फुसात पाणी मुकाट उतरते. पिऊन झाल्यावर आवाज ओला, गुळण्या करताना बोलल्यासारखा येणे, जेवण लांबणे, कारण नसता ताप येणे, छाती वारंवार भरणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे. रुग्णाला ताठ बसवून, छोट्या चमच्याने, पहिला घोट उतरल्यावरच दुसरा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. दात आणि जीभ रोज घासून द्यावी, कारण तोंडातली घाणच लाळेबरोबर खाली जाते.

आणि कोणी आमच्या काकांसारखे कोसळले तर तोंडात काहीही घालू नये. पाणी नको, गोळी नको, साखरही नको. कुशीवर वळवावे, घड्याळ पाहून वेळ लिहावी, १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते.

सहाव्या आठवड्यात बाईंनी काकांना साधे पाणी दिले. चमच्याने, हनुवटी छातीकडे झुकवून. एक चमचा, दोन चमचे, ठसका नाही. तिसऱ्या चमच्यानंतर काका आमच्याकडे पाहून अडखळत म्हणाले, “च्या कधी?”

चहाला अजून परवानगी मिळालेली नाही.