वाचनाचा माग आणि ग्रंथालयांचे उत्तरदायित्व

महाविद्यालयीन ग्रंथालयांत ब्राउन पद्धतीने देवघेव चाले, त्या काळी वाचकाचे तिकीट व पुस्तकाचे कार्ड एकत्र खोचून ट्रेमध्ये ठेवीत. पुस्तक परत आले की दोन्ही विलग होत आणि कोणी काय वाचले, याचा माग उरत नसे. ही योजना कामाच्या सोयीसाठी होती. वाचकाला संरक्षण लाभले ते अनायासे. इंटरनेटवरील नियतकालिकांच्या बाबतीत नेमके उलट आहे. तेथे माग आपोआप राहतो. तो राहू नये यासाठी मात्र मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.

अशा अनेक सेवा दीर्घकाळ केवळ परवलीचा शब्द विचारणारे पान कूटबद्ध करीत आणि बाकीची पाने उघडी पाठवीत. लेख मुळात प्रसिद्धच आहे, मग त्यात झाकायचे ते काय, असा त्यामागील युक्तिवाद. तो वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु गुप्त ठेवावयाचा आहे तो लेख नव्हे, वाचक. एचआयव्हीवरील किंवा संपाच्या कायद्यावरील निबंध कोण चाळतो आहे, हे वसतिगृहाचे वाय-फाय चालविणाऱ्याला वा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला कळण्याचे काहीही कारण नाही. ही भीती काल्पनिकही नव्हे. अमेरिकेत एफबीआयचे हस्तक वैज्ञानिक ग्रंथालयांत जाऊन परकीय वाचक काय वाचतात याची चौकशी करीत, हे १९८७ साली उजेडात आले, तेव्हा तेथील ग्रंथपालांनी कडाडून विरोध केला. त्या वेळी हस्तकाला निदान ग्रंथपालासमोर उभे राहावे लागे. उघड्या पानांच्या बाबतीत तेवढाही संकोच उरत नाही.

खर्चाचा आक्षेप आता फारसा टिकत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था डिसेंबर २०१५ पासून आवश्यक ती प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य देत आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकाच अरुंद जोडणीवर सारे महाविद्यालय अवलंबून असेल, तर एकाने मागविलेल्या पानाची प्रत मध्यस्थ संगणकात साठवून दुसऱ्याला देता येते. कूटबद्ध पानांच्या बाबतीत ही काटकसर सहसा साधत नाही. ग्रामीण महाविद्यालयांची ही अडचण खरी होती. तथापि संशोधनपर लेख असे वारंवार मागविले जात नाहीत, आणि दरम्यान मोबाईल डेटाही स्वस्त झाला आहे.

मग इतका विलंब का लागला? खर्च प्रकाशकाचा आणि हानी वाचकाची, अशी वाटणी असली की बाजार आपणहून हलत नाही, हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही सापडेल. गूगलच्या क्रोमने जुलै २०१८ पासून साध्या पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारावयास सुरुवात केली, तेव्हा मागे राहिलेल्यांना जाग आली. तत्त्वाने जे साधले नाही, ते लाजेने साधले म्हणावयाचे!

अर्थात एन्क्रिप्शनने सारे भागत नाही. वाटेतल्या त्रयस्थाला संकेतस्थळाचे नाव सामान्यतः तरीही दिसते. आणि खुद्द प्रकाशक तर सर्वच पाहतो. येथे भारतापुरता एक नवा प्रश्न उभा राहतो. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा पसारा आहे. एवढ्या मोठ्या ग्राहकाने केवळ किमतीचीच घासाघीस करावी काय? प्रत्येक पान कूटबद्ध असावे, जाहिरातदारांचे हेर पानात नसावेत, वाचनाच्या नोंदी ठराविक मुदतीत पुसल्या जाव्यात, या अटी करारात घालणे त्याला सहज शक्य आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ सालीच सांगितले आहे. त्या हक्काचे बंधन सरकारवर ग्राहक म्हणूनही आहेच.

लहान महाविद्यालयांच्या ग्रंथसूची मात्र या करारांच्या कक्षेबाहेर राहतील. त्यांतील काही आजही उघड्या मार्गावर आहेत. प्रमाणपत्र विनामूल्य असले, तरी ते ९० दिवसांच्या आत नव्याने घ्यावे लागते. संगणक ते आपोआप करू शकतो. पण ती व्यवस्था एकदा लावून द्यावयास जाणकार हवा, आणि ग्रंथपालाचीच जागा जेथे रिकामी आहे, तेथे तो कोठून येणार? विद्यापीठाच्या संगणक विभागाने संलग्न महाविद्यालयांसाठी हे काम अंगावर घेतले, तर त्यासाठी वेगळ्या अनुदानाची वाट पाहावी लागू नये.