खोक्यावर चिपचं नाव का नाही?

परवाचा अख्खा शनिवार एका पाचशे रुपयांच्या वायफाय डाँगलने खाल्ला. त्यामुळे आज जरा चिडूनच लिहितोय, सांभाळून घ्या.

झालं असं. बाबांचा डेस्कटॉप दहा वर्षांचा. तब्येत ठणठणीत, पण विंडोज ११ च्या अटींत बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बाबा, भंगारात कशाला? लिनक्स टाकून देतो, आणखी पाच वर्षं पळेल." मिंट टाकलं. अर्ध्या तासात स्क्रीन, आवाज, अगदी जुना प्रिंटरसुद्धा सुरू. राहिलं काय, तर नेट!

डाँगल लावलं तर मशीनला कार्ड दिसेचना, दिसली ती एक सीडी. आत विंडोजचा ड्रायव्हर. म्हणजे ही वस्तू आधी सीडीचं सोंग घेते, विंडोजला ड्रायव्हर देते आणि मग कार्ड होते. ते सोंग हाताने उतरवलं. चिपचा नंबर शोधला. तिचा ड्रायव्हर माझ्या कर्नलमध्ये नाही, गिटहबवर कुणा भल्या माणसाने ठेवलेला. तो उतरवायला नेट पाहिजे, आणि नेटला ड्रायव्हर! (शेवटी फोन केबलने जोडून टेदरिंग केलं.) कंपाइल केला, तर सिक्युअर बूट म्हणे, सही नसलेलं मॉड्यूल मी घेणार नाही. किल्ली बनवली, सही केली, रीबूट केलं. संध्याकाळी सहाला वायफाय आलं.

बाबांनी शांतपणे विचारलं, "अपडेट आलं की पुन्हा यायला लागेल का रे तुला?"

आता ह्याला काय उत्तर देणार? कर्नलच्या बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधायला लागतो. डीकेएमएस ते आपोआप करतं खरं, पण कर्नलमधलं एखादं फंक्शन बदललं की कंपाइल फसतं आणि बाबांचं नेट गायब.

सोमवारी ऑफिसात हे सांगितलं. एक जण म्हणाला, "म्हणून तर लिनक्स नको." दुसरा म्हणाला, "दोन कमांड तर आहेत, त्यात काय एवढं?" माझं भांडण दोघांशीही आहे.

पहिल्याला सांगतो, लिनक्सला वायफाय जमत नाही हे साफ खोटं. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिप्सचे कागद मिळत नव्हते, तेव्हा एका गटाने चिप चाचपून तिचं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्या गटाने ते वाचून ड्रायव्हर लिहिला. २००६ मध्ये तो कर्नल २.६.१७ मध्ये आला. फर्मवेअर मात्र विंडोजच्या ड्रायव्हरमधून कापून काढायला लागायचं! कंपन्या म्हणायच्या, रेडिओचे सरकारी नियम आहेत, आम्ही उघड करू शकत नाही. मग २००८ मध्ये अथेरॉसने एटीएच९के हा खुला ड्रायव्हर दिला, २०१० मध्ये खुद्द ब्रॉडकॉमनेही एक दिला. नियम तेच होते ना? मनात आलं की जमतं. इंटेलची कार्डं आज लावली की चालतात, ती काही जादू नाही. कंपनी स्वतः कर्नलमध्ये ड्रायव्हर लिहिते, एवढंच.

दुसऱ्याला सांगतो, मित्रा, ही मर्दुमकी आता बास. आपण रात्र जागून कार्ड चालवतो आणि चारचौघांत मिरवतो. पण त्यात कंपनीचं काम आपण फुकटात करतो, आणि ज्याला कमांड येत नाही त्याचं चांगलं मशीन भंगारात जातं. माझ्या बाबांना मुलगा इंजिनीयर मिळाला. बाकीच्यांनी काय करायचं?

आणि तिसरा गुन्हेगार मी स्वतः. दुकानात मी स्पीड बघितला, अँटेना बघितली, चिप विचारलीच नाही. विचारून तरी काय? दुकानदाराला माहीत नाही, कारण खोक्यावर लिहिलेलंच नाही. वर एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि दुसऱ्या व्हर्जनमध्ये चक्क वेगळ्या कंपनीच्या चिप्स निघतात. तेच नाव, तेच खोकं, आतला माल वेगळा! दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा-साखर छापलेली असते, आणि पाचशेच्या कार्डावर चिपचं नाव नाही. आपण हे चालवून कसं घेतो?

माझं म्हणणं एवढंच आहे. खोक्यावर चिपचं नाव छापा, आणि ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे की नाही तेही. तोवर आपण चिप विचारूनच घ्यायचं. नाही चाललं तर तोडगे न शोधता परत करायचं. परत आलेल्या खोक्यांची भाषा कंपन्यांना बरोब्बर कळते.

मीही परवा ते डाँगल परत केलं. दोनशे रुपये जास्त देऊन, चिप बघून दुसरं आणलं. लावलं, चाललं. बाबा म्हणाले, "एवढंच होतं तर शनिवारी काय करत होतास?"

असो.