बंदुकीचे दागिने

परवा पुतणीचा नेमबाजीचा सराव बघत पडवीत बसलो होतो. आमच्या राहात्यात पेरूच्या बागा आणि शिर्डीला जाणाऱ्या गाड्या यांचं कुणाला अप्रूप नाही, पण घरात एअर रायफल आलीय म्हटल्यावर शेजारपाजारचे डोकावून जातातच. पोरगी नववीत. रविवारी नगरला (आता अहिल्यानगर म्हणायला हवं) रेंजवर जाते, बाकीचे दिवस छर्रा न घालता भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरते.

रायफल आली आणि प्रत्येकाला तिला सजवायची हौस आली. पुतण्याने मोबाइलवर कार्बाइनचे व्हिडिओ दाखवले. वर दुर्बीण, खाली टॉर्च, बाजूला लेझर. "काका, हिलाही लावू की!" म्हटलं, बाबा रे, दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोकाची साइट, पुढे एक कडी, बस्स. पट्टाही चालत नाही. रायफलीचं वजन जास्तीत जास्त साडेपाच किलो. आणि ज्यासाठी हा खटाटोप, तो दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा!

आता शहाणपण शिकवणारा मी तरी कुठे शहाणा? ऑगस्ट 2024 मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर मोठ्या नेमबाजांचे फोटो बघबघून मी नळीवर लावायची वजनं मागवली. वजन पुढे असलं की नळी कमी हलते, असं वाचलं होतं. ते खोटं नाही, पण ते तयार अंगासाठी. आठ दिवसांत पोरीची कंबर धरली. तिच्या सरांनी वजनं काढून माझ्या हातात दिली आणि शांतपणे विचारलं, "हे तिच्यासाठी घेतलंत की तुमच्यासाठी?"

उत्तर नव्हतं.

मग त्यांनी जे केलं त्याला एक पैसा लागला नाही. आधी तिला रिकाम्या हातांनी नीट उभं केलं. मग खांद्याला टेकणारी बट प्लेट वर-खाली करून अशी बसवली, की मान वाकवावी लागू नये. मग गालाचा आधार: डोकं सहज टेकलं की डोळा आपोआप साइटच्या मध्यावर यायला हवा. मग डाव्या हाताखालची उंची, कारण भार दंडाने नाही, कोपर कमरेला टेकवून हाडांनी पेलायचा. पुढची कडीही एक माप मोठी घातली, काळ्याभोवती पांढरं नीट दिसावं म्हणून. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद.

माझं मत आता पक्कं झालंय. सुटे भाग रायफल सजवण्यासाठी नसतात, ती त्या एका शरीराला बसवण्यासाठी असतात. दुसऱ्याची मापं आपल्या कामाची नाहीत. 2008 मध्ये बीजिंगला अंतिम फेरीच्या तोंडावर अभिनव बिंद्राची साइट हललेली निघाली. ती त्याने तिथल्या तिथे जुळवली आणि सुवर्णपदक जिंकलं. महागड्या साइटने हे होत नसतं, साइट ओळखीची असावी लागते.

तुम्ही म्हणाल, मग पैशाचा प्रश्नच नाही? आहे ना. जाकीट हवंच, आणि ते अंगाबरोबर बसणारं हवं. पण वाढत्या वयाच्या मुलीला ते दोन वर्षांत आखूड होतं. आमच्या घराला परवडलं. तिच्याबरोबर शाळेत रायफल धरलेल्या दोघी त्या एका जाकिटापायी थांबल्या. त्यांचा नेम वाईट नव्हता.

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातला. एकट्याला न झेपणारं चौघांनी मिळून करायचं, हे आम्हाला बाहेरून शिकायला नको. शाळेत एक कपाट असावं: आखूड झालेली जाकिटं, निरनिराळ्या मापाच्या कड्या, बट प्लेटचे तुकडे. एकीचं संपलं की दुसरीने घ्यावं. पुतणीचं जाकीट आखूड झालं की तिथे पहिलं ते ठेवायचं, हे घरात ठरलंय. तोवर शाळेशी बोलून घ्यायचं काम माझ्याकडे.

वजनं मात्र नाही देणार. ती माझ्या टेबलावर कागद दाबायला आहेत. पुढचं काही मागवायला हात शिवशिवला, की दिसतात.