मेगापिक्सेल मोजून नथ दिसत नाही

मुंबईत घर परवडेना म्हणून माणसे कर्जत लोकलच्या मार्गाने आत आत सरकत गेली, त्यात वांगणी आणि नेरळच्या मधले शेलूही आले. शेतांच्या कडेला इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या छोट्या घरांतून हाताने काही घडवून विकण्याची धडपडही सुरू झाली. मोत्यांची नथ, क्रोशाचे तोरण, मातीचे दागिने. या मालाला दुकान नाही. गिऱ्हाईक डोंबिवलीत नाहीतर पुण्यात, आणि वस्तू हातात पडण्याआधी त्याला दिसतो तो फक्त फोटो. त्यामुळे ‘जवळून फोटो काढायला स्वस्तातला कॅमेरा कोणता’ हा प्रश्न इथे हौसेचा नाही, धंद्याचा आहे. त्याला हल्ली दोन ठरलेली उत्तरे मिळतात. फोन आहे ना, मग वेगळा कॅमेरा कशाला, हे एक. दुसरे असे की फोटो चांगले हवेत तर नवा डीएसएलआर आणि त्यावर मॅक्रो लेन्स घ्या, नाहीतर या भानगडीत पडू नका. मला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. घ्यावा तो वापरलेला, दहा-बारा वर्षांपूर्वीचा, सगळी सेटिंग हाताने ठरवता येतील असा कॅमेरा. आणि वाचलेल्या पैशांत एक ट्रायपॉड घ्यावा.

फोनवाल्यांचे म्हणणे आधी घेऊ, कारण ते निव्वळ आळसापोटी आलेले नाही. फोन खिशात असतो, फोटो लगेच पाठवता येतो आणि भर उजेडात तो खरोखरच छान काढतो. पण वाद रंगला की त्यांचा हुकमाचा पत्ता निघतो तो मेगापिक्सेलचा, आणि तो पोकळ आहे. १०८ मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या वापरात नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ५० मेगापिक्सेलचा चार-चार जोडून साडेबाराचा. साध्या पद्धतीने पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो आणखी आकसून टाकते. कागदावर छापायचा म्हटले तरी ६ बाय ४ इंचांच्या फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरून, १८०० गुणिले १२०० पिक्सेल लागतात. म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. इतके पिक्सेल २०१० सालच्या कोणत्याही बऱ्या कॅमेऱ्यात होते आणि वर उरत होते. स्वस्त फोनांच्या पाठीवर ‘मॅक्रो’ म्हणून जो २ मेगापिक्सेलचा जादा डोळा बसवलेला असतो, तो जाहिरातीत कॅमेऱ्यांची संख्या वाढवण्यापुरताच.

खरी अडचण पिक्सेलची नाहीच, अंतराची आहे. नथीचेच बघा. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो, त्यामुळे नथ फ्रेमभर दिसायला हवी तर फोन तिच्या अगदी जवळ न्यावा लागतो. बऱ्याच महागड्या फोनांत मॅक्रो सुरू झाला की त्याहूनही रुंद कोनाची लेन्स कामाला लागते आणि फोन वस्तूपासून दोन-तीन बोटांवर येतो. इतक्या जवळून मोती म्हणजे छोटा गोल आरसाच. प्रत्येक मोत्यात फोनचा काळा चौकोन उमटतो. फोनची सावली पडते ती वेगळीच. शिवाय पुढचा मोती फुगतो, मागचा लहान दिसतो, नथीचा घाट बदलतो आणि पार्सल उघडल्यावर गिऱ्हाईक म्हणते, फोटोत वेगळी दिसत होती. कारागिरी कळते ती मोत्यांमधून फिरवलेल्या तारेच्या पिळात आणि शेवटचे टोक कसे मुडपले आहे त्यात. नेमके तिथेच फोनचे सॉफ्टवेअर कडा कोरून ठसठशीत करते आणि बारीक पोत गुळगुळीत करून टाकते. रंगाचेही तेच. फोन दर फोटोला उजेडाचा रंग स्वतःच्या अंदाजाने ठरवतो, त्यामुळे ट्यूबलाइटखाली ओळीने काढलेल्या पाच फोटोंत एकच डाळिंबी खडा कधी विटकरी तर कधी जांभळट दिसतो.

हा अंतराचा चकवा फक्त फोनमध्ये आहे असे नाही. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या खोक्यांवर ‘१ सेंमी मॅक्रो’ असे अभिमानाने छापलेले असे, आणि कॅननच्या पॉवरशॉट एसएक्स मालिकेतल्या काही कॅमेऱ्यांचा आकडा तर शून्य सेंटिमीटर होता. लेन्स वस्तूला टेकल्यावर उजेड कुठून शिरणार, हे खोक्यावर लिहिलेले नसते. म्हणून विकत घेताना किती जवळ जाता येते हे विचारू नये. किती रुंदीची वस्तू फ्रेमभर भरते आणि ती किती लांबून, हे विचारावे.

हा प्रश्न विचारला की दुसऱ्या पक्षाची मॅक्रो लेन्सही गळून पडते. कॅननचा १२००डी हा २०१४चा साधा, नवशिक्यांचा डीएसएलआर घ्या. त्याच्यासोबत मिळणारी १८-५५ची लेन्स २५ सेंमीवर फोकस होते आणि वस्तू सेन्सरवर साधारण एक तृतीयांश आकाराची उमटवते. सेन्सर २२ मिलिमीटर रुंद, म्हणजे फ्रेममध्ये सुमारे साडेसहा सेंमी रुंदी भरते. हे २५ सेंमी सेन्सरपासून मोजलेले असतात, तरी लेन्सचे तोंड आणि नथ यांच्यामध्ये दहा सेंमीहून जास्त मोकळी जागा राहते आणि उजेड बाजूने व्यवस्थित आत येतो. नथीने निम्मीच फ्रेम भरली तर चारही बाजू कापून टाका; १८ मेगापिक्सेलचा चौथा हिस्सा उरला तरी तो साडेचार, वर काढलेल्या हिशेबाच्या दुप्पट. त्याहून बारीक काम असेल तर लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायचे क्लोज-अप फिल्टर काही शे रुपयांत मिळते. कडेला थोडी धार जाते, पण दागिना मध्यभागी असतो. मॅक्रो लेन्स चांगलीच असते, फक्त ती कीटकांमागे फिरणाऱ्यांनी घ्यावी.

आता जुन्या कॅमेऱ्यावरचे आक्षेप. त्याला कमी उजेडात दिसत नाही, फोटो रवाळ येतो, फोकस सावकाश होतो, व्हिडिओ यथातथाच. चारही आक्षेप खरे आहेत, आणि चारही आपल्याला लागू नाहीत. नथ पळत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, आयएसओ १०० ठेवला, छिद्र एफ ११ पर्यंत बारीक केले, दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावला, की शटर एक सेकंद उघडे राहिले तरी काही बिघडत नाही. पंधरा वर्षांत कॅमेऱ्यांत जी सुधारणा झाली ती मुख्यतः हलणाऱ्या गोष्टींसाठी आणि अंधारासाठी झाली. ओट्यावर ठेवलेल्या स्थिर वस्तूला तिची गरज नाही, मग तिचे पैसे आपण का भरायचे? व्हाइट बॅलन्स पांढऱ्या कागदावर एकदा पक्का केला की पन्नास नथींचे पन्नास फोटो एकाच रंगाचे येतात. पुढची लोंबणारी लड आणि मागचा फासा दोन्ही धारदार हवे असतील, तर छोट्या सेन्सरचा, मॅन्युअल मोड असलेला कॉम्पॅक्ट डीएसएलआरलाही मागे टाकतो, कारण सेन्सर लहान असेल तर सारख्याच छिद्राला जास्त खोलीपर्यंत स्पष्ट दिसते.

फोनचा प्रो मोड, दोन-तीन पटींची टेलिफोटो लेन्स आणि फोन धरणारा स्टँड असा जामानिमा ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी माझे ऐकून कॅमेरा घेऊ नये. त्यांचे काम भागेल. मात्र केवळ नथीच्या फोटोंसाठी त्या दर्जाचा नवा फोन घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. फोटो फोनमध्ये आणण्याची कटकट असते, पण कार्ड रीडर फोनला जोडला की ती मिटते. नवा स्वस्त कॉम्पॅक्टच का नको, असेही विचारले जाते. तो बाजारच आटला आहे. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२० साली एक कोटीसुद्धा नाहीत. त्यातच अलीकडे तरुण मंडळींना जुन्या चकचकीत कॉम्पॅक्टची चटक लागली आणि त्यांचे भाव विनाकारण चढले. जाडजूड जुना डीएसएलआर या फॅशनमध्ये बसत नाही, हे आपले नशीब.

राहता राहिला ट्रायपॉड. जवळून फोटो घेण्याचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला प्रयोग दादासाहेब फाळक्यांचा आहे. १९१२ साली भांडवलदाराला पटवण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रित केली: कॅमेरा एका जागी रोवलेला, समोर कुंडी, आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट. त्यांचा विल्यमसन कॅमेरा विलायतेहून आणलेला, स्वस्त मुळीच नव्हता, हे कबूल. पण पडद्यावर अंकुर वाढताना दिसला तो कॅमेरा जागचा हलला नाही म्हणून. हातात धरून हे काम कोणत्याही किमतीच्या यंत्राने झाले नसते.

शेलूहून लोकलने सीएसएमटीला उतरले की बोरा बाजार आणि फोर्टमधली कॅमेऱ्यांची दुकाने चालत काही मिनिटांवर आहेत. जाताना आपली नथ, एक पांढरा कागद आणि मेमरी कार्ड बरोबर न्यावे आणि दुकानदारापुढेच फोटो काढून पडद्यावर मोठा करून तारेचा पीळ पाहावा. बॅटरी फुगलेली नाही ना, ती आजही मिळते का, हे विचारावे. पण या भागातल्या माणसाने सर्वांत आधी बघायची ती बुरशी. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, भिंतींना ओल येते, आणि कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत पांढऱ्या धाग्यांचे जाळे धरते. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरके बघितले की ते दिसते. दिसले तर भाव कितीही उतरवला तरी ती लेन्स परत द्यावी. चांगली मिळाली तर घरी आणल्यावर जूनच्या आधी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी, आणि पुड्यांतले दाणे अधूनमधून तव्यावर मंद आचेवर सुकवून घ्यावेत. पावसाळ्यात फोटो थांबवायचे कारण नाही. ढगाळ दुपारी गॅलरीत येणारा मऊ, सावली न पाडणारा उजेड आणि समोर धरलेला थर्माकोलचा तुकडा एवढ्यावर मोत्याचे काम उत्तम निघते. लाइटसाठी वेगळा खर्च करायचा तर तो दिवाळीनंतर, लवकर अंधार पडू लागल्यावर.