विश्लेषण : घरी बांधलेली तीनचाकी मोटरसायकल रस्त्यावर आणता येते का?

रील तुम्हीही पाहिली असेल. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी बुलेट उभी आहे, मागचे चाक काढलेले, ठिणग्या उडताहेत आणि तिसाव्या सेकंदाला तीच गाडी दोन रुंद मागची चाके आणि ज्वाळांचा रंग घेऊन बाहेर पडते. खाली हमखास एक प्रश्न असतो : ‘भाऊ, पासिंग होते का?’

उत्तर आधी देतो. बांधता येते, रंगवताही येते. आपल्या देशात सार्वजनिक रस्त्यावर चालवणे मात्र बहुतेकांना कायद्याने शक्य नाही. याला एक अपवाद आहे आणि माझ्या मते खरी चर्चा त्याच अपवादाची व्हायला हवी.

कल्पना जुनीच

मोटरसायकलला तिसरे चाक लावणे हा रीलवाल्यांचा शोध नाही. हार्ले-डेव्हिडसनने १९३२ ते १९७३ ‘सर्वी-कार’ ही तीनचाकी विकली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या हार्ले दिल्लीत आल्या आणि कारागिरांनी त्यांच्यामागे प्रवासी डबा जोडून ‘फटफटी’ तयार केली. ती चांदणी चौकात अनेक दशके धावली. सौराष्ट्रातला छकडा म्हणजे पुढे बुलेट आणि मागे गाडा. पंजाबात मोटरसायकलच्या जुगाड रेहड्यांवर एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी बंदीचा आदेश काढला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच सरकारला तो मागे घ्यावा लागला. हजारो लोकांचे पोट त्यावर चालत होते.

तिसरे चाक लावले की काय बदलते?

जवळपास सगळेच. दुचाकी वळणावर कलते, ट्राइक कलत नाही. कलणे गेले की वळताना बाहेर ढकलणारा जोर थेट गाडी उलथवू पाहतो. साधे गणित करू. मागच्या दोन चाकांमधले अंतर १ मीटर, स्वारासह गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटर उंच आणि मागच्या अॅक्सलपासून पुढच्या चाकाच्या दिशेने ४० टक्के अंतरावर धरला, तर १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ही गाडी ताशी ३० किलोमीटरच्या आसपास आतले चाक उचलू लागते. ताशी ३०! कॉलनीतल्या वळणाचा वेग. चाकांमधले अंतर १.३ मीटर केले तरी मर्यादा जेमतेम ३४ पर्यंत जाते. गाडी जितकी उंच, तितकी धोक्याची. रीलमध्ये नेमक्या उंच गाड्याच रुबाबदार दिसतात.

दुसरा मुद्दा डिफरन्शियलचा. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. दोन्ही चाके एकाच सरळ दांड्यावर घट्ट बसवली, तर गाडी वळायला तयारच होत नाही, पुढचे चाक घासत सरळ जाते. म्हणून जाणकार मिस्त्री रिक्षाचा किंवा छोट्या टेम्पोचा डिफरन्शियल शोधतात. शिवाय हँडल जड होते, कारण पुढच्या फोर्कचा कोन दुचाकीसाठी ठरवलेला असतो. रिव्हर्स गिअर नसतो आणि उतारावर लावायला हँडब्रेकही नसतो.

त्यातल्या त्यात बरी पद्धत म्हणजे मूळ फ्रेम न कापता, स्विंगआर्म काढून त्याच्या पिव्हटवर आणि शॉकअॅब्जॉर्बरच्या जागी मागचा सांगाडा बोल्टने बसवणे. वेल्डिंग दिसायला गुळगुळीत असले म्हणून आतून भरलेले असतेच असे नाही. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मी केलेला जोड पाहून सरांनी कौतुक केले आणि मग हातोड्याच्या दुसऱ्या फटक्यात तो तोडून दाखवला.

रंगाचे काय?

रंग सोपा वाटतो, म्हणून तिथेच जास्त लोक फसतात. शेवटच्या वर्षाला आम्ही जुलैत गच्चीवर एका टाकीला साधा एनसी रंग मारला. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, पावसाळी हवेतला ओलावा त्यावर बसतो. आमच्या काळ्या टाकीवर ताकासारखी पांढरट झाक आली आणि पहिल्यांदा पेट्रोल सांडले तेव्हा उरलेला रंगही सुटला. टाकीला टू-के पॉलियुरेथेन हवे होते : आधी पत्र्यापर्यंत घासणे, इपॉक्सी प्रायमर, मग रंग, वर क्लिअर कोट.

पण या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोडा संपर्कही त्रास देतो. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही. रंगाच्या बूथमध्ये बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरतात, तो घरात नसतो. त्यामुळे घासणे, पुट्टी, डिझाइन घरी करा. शेवटचे दोन कोट बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या. आरसीवर रंगाचा रकाना असतो, गाडीचा मूळ रंग बदलला तर नोंदही बदलून घ्यावी लागते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘आमचे तर जुगाड आहे, वाहन नाही’ हा बचावही चालत नाही. जुगाडही मोटार वाहनच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, ते वेगळेच.

आता अपवाद. त्याच कलम ५२ नुसार अपंग व्यक्तीच्या वापरासाठी कुणीही आपली गाडी ‘अनुकूलित वाहन’ म्हणून बदलून घेऊ शकतो, आरटीओची मंजुरी नंतर मिळते. स्कूटरला दोन्ही बाजूंना जादा चाके लावलेली दिसतात, ती याच वाटेने.

आमच्या सोसायटीखाली झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या काकांची स्कूटर अशीच आहे. रचनेत एक मूलभूत अडचण आहे. मूळ मागचे चाक तसेच राहते आणि बाजूची दोन चाके आणखी येतात. रस्ता सपाट असला तर ठीक. मधे खड्डा आला की बाजूची दोन्ही चाके कडांवर टेकतात आणि मधले चाक अधांतरी फिरत राहते. ताकदही त्याच चाकाला, मागचा ब्रेकही त्यालाच. म्हणजे ज्या माणसाला पाय टेकवून गाडी सावरता येत नाही, नेमकी त्याचीच गाडी खड्ड्यात अडकते. डिफरन्शियल असलेली, रुंद आणि बुटकी खरी ट्राइक त्याच्यासाठी कितीतरी बरी.

म्हणून ‘बदल म्हणजे गुन्हा’ एवढ्यावर थांबणे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये एकेकट्या मोटरसायकलची आणि ट्राइकची तपासणी करून मंजुरी देण्याची पद्धत आहे. बांधणारा कोण यापेक्षा ब्रेक, दिवे, आवाज निकषात बसतात का, हे पाहिले जाते. आपल्याकडे पुण्यात एआरएआयसारखी संस्था आहे, पण नमुना चाचणीची सगळी चौकट हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी आखलेली आहे. एका गाडीसाठी परवडेल अशी चाचणी, निदान अनुकूलित वाहनांपुरती तरी, सुरू व्हावी. तीत गाडी किती वेगाला चाक उचलते आणि खड्ड्यात कुठले चाक जमिनीवर राहते, हे तपासले जावे. हौशी ट्राइकवाल्यांना नंतर त्याच रांगेत उभे करा, हरकत नाही.

सोसायटीच्या फाटकासमोर पाइपलाइनसाठी खोदलेला चर अजून नीट बुजवलेला नाही. काकांची स्कूटर तिथे आली की वॉचमन न सांगता उठतो आणि मागून धक्का देतो.