तोंड पाडून बसू नका



4 जून 2024 ला लोकसभेचा निकाल लागला. ‘400 पार’वाले 240 वर अडकले, तरी सरकार त्यांचंच. अकोल्यात बाळासाहेब तिसऱ्या नंबरवर. तेव्हापासून आमच्या वस्तीतली पोरं म्हणतात, आता मत द्यायचंच नाय.

मी रातपाळी करून आलेला माणूस. शाळा अर्धीच. पण एवढं वाचलंय : धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून ज्या मुंबईतल्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नव्हते, त्याच मुंबईत 1952 ला बाबासाहेब पडले. संविधानाचा मसुदा करणारा माणूस काजरोळकरांपुढं 14,561 मतांनी पडला! कम्युनिस्टांनी मतं कुजवायला सांगितली म्हणून ते दाद मागायला गेले, तिथंही हार. 1954 ला भंडाऱ्यात पुन्हा पडले.

मग काय, घरी बसले? 1956 ला नागपुरात लाखोंना घेऊन धम्म स्वीकारला. ते गेल्यावर 1957 ला फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड नाशकातून लोकसभेत गेलेच.

आणि तुम्ही एका निकालात गार? मत म्हणजे काय लॉटरीचं तिकीट, नंबर लागला नाय की फाडून टाकलं? ज्यांना आपलं मत नको आहे, त्यांना तुमची ही निराशा फुकटात हवी आहे. ती देऊ नका.

रडणं बास. येत्या रविवारी मतदारयादी घेऊन घरोघर फिरू. कुणाची नावं गळली ते आधी बघू.

येणार का, सांगा.

जय भीम.